मिशी वाळेपर्यंत

चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडाला रंग लावला. तेवढ्या काळात माझी मिशी रंगमंचावर एकदाच सुटली. माझी म्हणजे मी चिकटवलेली. संपादकांनी ‘मानाचे क्षण लिहा’ असं कळवलंय. मानाचे क्षण म्हणजे शाल, नारळ आणि लांबलेलं भाषण. शाली आमच्या घरात पुष्कळ झाल्या, बायकोने त्या गोधड्यांच्या अस्तराला लावल्या. तेव्हा मानाचं राहू द्या. त्या सुटलेल्या मिशीचं सांगतो.

लातूरला आमची भुसाराची आडत. घरात शिवपूजा आणि दुकानात तराजू, यापलीकडे तिसरी गोष्ट वडिलांना माहीत नव्हती. मी रंगभूषेच्या धंद्यात पडणार म्हटल्यावर ते म्हणाले, “यप्पा! आपण कधी डाळीला पॉलिश केलं न्हाई, अन्‌ तू माणसाला करणार?” त्यांना मी उत्तर दिलं नाही. पुढे आयुष्यभर मी मोठ्या माणसांसमोर तेच केलं, गप्प राहिलो. त्याचंही सांगायचं आहे.

धंदा तसा साधा. दोन ट्रंका. एकीत जरीचे अंगरखे, टोप, कमरपट्टे, लाकडी तलवारी. दुसरीत रंगाच्या डब्या, खोबरेल, काजळ, केसांच्या दाढ्या-मिशा आणि त्या चिकटवायचा डिंक. हा डिंक मी स्वतः राळेपासून बनवायचो. शाळांची स्नेहसंमेलनं, गणपती, कचेऱ्यांची संमेलनं. निलंग्यापासून कंधारपर्यंत आणि उदगिरावरून देगलूरपर्यंत एसटीच्या टपावर माझ्या ट्रंका फिरल्या. देगलूरला एका नाटकात राजा मराठीत बोलायचा आणि प्रधान तेलुगूच्या चालीत. प्रेक्षकांना काही वावगं वाटलं नाही. राजा आणि प्रधान एकमेकांचं ऐकून घेत नाहीत, याची त्यांना सवय असावी.

या धंद्याचे तीन नियम आधी सांगतो, कारण तिन्ही पुढे लागणार आहेत आणि त्यातले दोन मोडायचे आहेत.

मिशी लावली की ती वाळेपर्यंत ओठ हलवायचा नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही, पान खायचं नाही. चार-पाच मिनिटं लागतात. या चार-पाच मिनिटांत मी सरपंच, मुख्याध्यापक, वकील आणि एक कीर्तनकार यांना गप्प बसलेलं पाहिलं आहे. त्यांच्या घरच्यांना हा योग कधी आला नसेल.

दुसरं, रंगमंचावर खरं पाणी नेऊ द्यायचं नाही. पाणी सांडलं की रंग ओघळतो, डिंक सुटतो. तांब्या-फुलपात्र रिकामं. प्यायचा अभिनय करावा आणि पुढे चालावं.

आणि तिसरा नियम, राजाला गुलाबी रंगवायचं आणि नोकराला काळं. हा मला कोणी शिकवला ते आठवत नाही. सगळेच करायचे, मीही करायचो. इतकी वर्षं काही न विचारता तो पाळला याची आज लाज वाटते.

आता नाटक. जुनं आहे, शोकांत आहे, त्याच्या छापील प्रती वाळवीने केव्हाच संपवल्या. त्यामुळे नावात अडकत नाही. एक पराक्रमी राजा. प्रधानाच्या चुगलीवरून त्याला पोटच्या मुलाचा संशय येतो आणि तो त्याला मारायचा हुकूम देतो. मुलगा निर्दोष होता हे शेवटच्या अंकात कळतं. ते ज्याला पहिल्यापासून माहीत होतं, तो म्हणजे राजाला पाणी आणून देणारा नोकर. खलबतं चालू असताना तो कोपऱ्यात उभा होता. राजाला तीन स्वगतं, प्रत्येक दोन-दोन पानांचं. नोकराला सबंध नाटकात अकरा वाक्यं.

पहिल्या अंकात राजा सिंहासनावर बसतो, नोकर पाणी देतो. राजा त्याच्याकडे न बघता अर्धं पितो आणि उरलेलं बाजूला भिरकावतो. शेवटच्या अंकात सगळे सोडून गेलेले, एकटा नोकर उभा. राजा स्वतः तांब्या उचलतो आणि त्याच्या ओंजळीत पाणी घालतो. मग विचारतो, “तुला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीस?” त्यावर नोकराचं अकरावं वाक्य येतं आणि पडदा पडतो.

जे जे राजे मी रंगवले, त्या सगळ्यांना वाटायचं की नाटक त्या तीन स्वगतांत आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटलं. ते खोटं आहे हे मला कंधारला कळलं, दुष्काळाच्या साली.

त्या साली लोकांना पाणी नव्हतं, म्हणून वरून कोणीतरी करमणूक पाठवायची ठरवली. तालुक्यातल्या शिक्षकांच्या मंडळाने हे नाटक बसवलं. समोर बसणार होते खडी फोडायच्या कामावरचे लोक. प्रयोग शाळेच्या मैदानावर, दुपारी चार वाजता, कारण विजेचा भरवसा नव्हता. दिग्दर्शक एक गुरुजी होते. तेच राजा. आवाज असा की समोरच्या किल्ल्याचा उरलेला बुरूज पडावा.

नटांसाठी टँकरचं पाणी घागरीत भरून आणायचं आणि ती घागर राखत बसायचं, यासाठी खडीच्या कामावरचा एक माणूस नेमला होता. त्याचं नाव लिंबाजी. पंचविशीचा, हाडकुळा, कपाळावर खडीची कपची उडून झालेली खूण. आल्या-गेल्याला “जय भीम” घालायचा आणि घागरीशेजारी मांडी घालून तालीम बघत बसायचा. महिनाभर त्याने एकही तालीम चुकवली नाही. घागर सोडून जाता येत नव्हतं, हेही कारण होतं.

प्रयोगाच्या दिवशी नोकराचं काम करणारे मास्तर आलेच नाहीत. गावाकडे विहिरीवर भांडण झालं होतं, तिकडे गेले. गुरुजींनी इकडे-तिकडे पाहिलं आणि लिंबाजीकडे बोट केलं. “हा करेल. पहिल्या अंकात पाणी ठेवायचं, वाकायचं, जायचं. शेवटचा प्रवेश गाळू. एवढी वाक्यं याच्या तोंडी कशी बसणार?”

लिंबाजी माझ्यापुढे बसला. मी काळा रंग घोळून त्याच्या गालाला लावायला लागलो.

“अप्पा,” तो डोळे मिटूनच म्हणाला, “अजून किती काळं करता? वरचा थर तेलानं निघल. खालचा न्हाई निघायचा.”

माझा हात थांबला. मी हसलो आणि पुन्हा लावायला लागलो.

मग तो हळूच शेवटचा प्रवेश म्हणायला लागला. आधी राजाची वाक्यं, मग नोकराची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. अकरावं वाक्य त्याने असं म्हटलं की माझ्या हातातला कापूस खाली पडला.

“अरे, तुला पाठ आहे सगळं!”

“हाव. सातवी पास हाये म्या. बुक बी वाचलं गुरुजींचं, त्यो जेवायला गेल्यावर.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“इचारलं कुणी?”

मी उठून दहा पावलांवर उभ्या असलेल्या गुरुजींना सांगायला हवं होतं. गुरुजी तेव्हा आरशासमोर स्वगत म्हणत होते. पुढच्या महिन्यात त्यांच्या शाळेचं संमेलन होतं आणि ते काम मला हवं होतं. शिवाय मोठ्या माणसाला मधेच टोकायचं म्हणजे… थोडक्यात, मी गेलो नाही. लिंबाजीने माझ्याकडे पाहिलं, मी डबीचं झाकण लावलं.

पहिला अंक सुरू झाला. मैदानभर माणसं. डोक्याला धडुती बांधलेली, हातावर खडीची पांढरी धूळ. गुरुजी सिंहासनावर बसले, पहिलं स्वगत सुरू झालं. आपण किती दानशूर, प्रजा आपल्याला बापासारखी कशी मानते, वगैरे. लोक मुकाट ऐकत होते. भाषणं ऐकायची त्यांना सवय होती.

मग लिंबाजी आला. फुलपात्र रिकामं होतं, मीच त्याला दिलं होतं. पण तो चालला असा, की त्यात काठोकाठ पाणी आहे. दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरलेला. नजर फुलपात्राच्या काठावर. मैदानातली कुजबुज थांबली. त्या वर्षी प्रत्येकाच्या घरी पाणी असंच चालत आणलं जात होतं.

गुरुजींनी बसवल्याप्रमाणे त्याच्याकडे न बघता फुलपात्र घेतलं, तोंडाला लावलं आणि उरलेलं ‘पाणी’ झटक्यात बाजूला भिरकावलं.

आणि लिंबाजीचा हात पुढे गेला. ओंजळ करून, पाणी झेलायला. ते तालमीत नव्हतं. त्यालाही ते करायचं नव्हतं, हात आपोआप गेला. रिकाम्या फुलपात्रातून न सांडलेलं पाणी झेलायला तो अर्धा वाकला, मग भानावर आला, सरळ झाला, मागे सरला.

मैदानातून एक आवाज आला. कोणी बोललं नाही. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज होता तो. पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “मरंल ह्यो राजा.”

नाटक तिथंच संपलं होतं. पुढचे तीन अंक गुरुजी ओरडले, रडले, छाती पिटली. पण राजा कोण आहे आणि त्याचं काय होणार आहे, हे एका माणसाच्या पुढे गेलेल्या हाताने सांगून टाकलं होतं. राजा स्वतःबद्दल काय सांगतो यावर जाऊ नये, त्याला पाणी देणाऱ्याकडे बघावं. मी नंतर शोकांतिकांवरची जाडजूड पुस्तकं वाचली. त्यांत याहून जास्त मला काही सापडलं नाही.

शेवटचा प्रवेश गाळला होता, त्यामुळे राजा एकटाच मेला. लोक उठून धूळ झटकत गेले. तोंड धुवायला पाणी नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना खोबरेल आणि चिंध्या दिल्या. गुरुजींची बस निघाली होती, ते गुलाबी तोंडाने तसेच पळाले. कंडक्टर त्यांना “महाराज, जरा आत सरका” म्हणाला, असं नंतर कळलं.

लिंबाजीला मी विचारलं, “अरे, रिकामं होतं ना ते? हात कशाला पुढे केलास?”

“रिकामं व्हतं हे राजाला ठावं,” तो तेल पुसत म्हणाला. “मला न्हवतं.” मग चिंधी माझ्या हातात देऊन म्हणाला, “शेवटचं ऱ्हायलं अप्पा. एकदा म्हणायचं व्हतं, लोकांसमोर.”

या एका वाक्याने मला पुढे बरीच वर्षं त्रास दिला.

मग लातूर जिल्हा झाला. ज्यांनी नवा जिल्हा होताना पाहिला नाही, त्यांना त्यातली गंमत सांगून कळायची नाही. आधी कमानी आल्या, मग खुर्च्या, मग पाट्या, आणि फार नंतर फायली. कित्येक महिने छापील कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून शेजारी नव्याचा शिक्का मारत. प्रत्येक साहेब जिल्ह्यातला पहिला साहेब, प्रत्येक समारंभ जिल्ह्यातला पहिला समारंभ. माझ्या शेजारच्या सलूनवाल्यानेही ‘जिल्ह्यातील पहिले’ अशी पाटी लावली. त्याचं दुकान जिल्ह्याच्या आधी वीस वर्षं चालू होतं.

अशाच एका नव्या कचेरीने वर्षपूर्तीला नाटक बसवलं. खातं सांगत नाही. तिथले मुख्य म्हणजे घाटगेसाहेब. घाटावरून बदलून आलेले, उंच, देखणे, कॉलेजात नाटकाची बक्षिसं घेतलेले. त्यांनी निवडलं तेच नाटक, आणि राजा अर्थातच ते. मला बोलावणं आलं. ट्रंका घेऊन कचेरीत गेलो तर दारात स्टुलावर खाकी कपड्यांतला शिपाई. कपाळावर कपचीची खूण.

“जय भीम, अप्पा. वळखलं का?”

लिंबाजी! दुष्काळानंतर परीक्षा देऊन शिपायात लागला होता, कंधारहून नव्या जिल्ह्यात आला होता. अंग भरलं होतं, कानाजवळ पांढरे केस दिसत होते. लगेच पुढचा प्रश्न त्याने विचारला तो हा, “नोकराचं काम कुणाला दिलं, ठावं का?”

काम हेडक्लार्क स्वामींना दिलं होतं. स्वामी आमच्याच समाजातले, सज्जन, स्थूल, अंगठ्या घालणारे. लिंबाजीने स्वतः जाऊन साहेबांना विचारलं होतं. साहेबांनी हसून सांगितलं होतं, “अरे, शिपायाने शिपायाचं काम केलं तर त्यात अभिनय तो काय?” आजूबाजूचे सगळे हसले होते. आणि शेवटचा प्रवेश साहेबांनी गाळला होता. लांबी वाढते, हे कारण.

खरं कारण मला स्वामींनी चहा पिताना सांगितलं. “अप्पा, सगळी कचेरी समोर बसणार. साहेबानं शेवटी नोकराला स्वतःच्या हातानं पाणी द्यायचं. म्हणले, उद्या मला साहेब कोण म्हणंल?” आणि मग कपाळाचा घाम पुसून, “मला तर लईच अवघड होऊन राहिलंय. माझ्याच शिपायांसमोर म्या फुलपात्र घेऊन वाकायचं. तालमीला ते लेकाचे पुढं बसून बघतेत!”

लिंबाजी रोज संध्याकाळी तालमीला खुर्च्या लावायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. स्वामी प्रत्येक वेळी वाक्य विसरायचे आणि भिंतीकडून ते वाक्य हळूच यायचं. साहेबांना वाटायचं, प्रॉम्प्टर चांगला आहे.

“अप्पा,” एक दिवस तो मला म्हणाला, “तुमचं ऐकतेत मोठी माणसं. कंधारला तुम्ही बोलला न्हाई. म्या काय म्हणलो न्हाई तवा. आज म्हणून राहिलो.”

त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

रंगीत तालीम आली. रंगीत तालीम म्हणजे प्रयोगाच्या आदल्या दिवशी सगळा पोशाख, सगळा रंग चढवून केलेली तालीम. घाटगेसाहेब माझ्यापुढे खुर्चीत बसले. रंग लावून झाला. गुलाबीच, पण थोडा कमी. मग मी सगळ्यात भारी मिशी काढली, डिंक लावला, ओठावर दाबून बसवली.

“साहेब, आता ओठ हलवायचा नाही. पाच मिनिटं.”

त्यांनी डोळ्यांनी होकार दिला. खोलीत आम्ही दोघेच होतो. असे शांत बसलेले साहेब मला पुन्हा मिळणार नव्हते. मी बोलायला लागलो.

मी कंधारचं सगळं सांगितलं. घागर, काळा रंग, रिकामं फुलपात्र, पुढे गेलेला हात, म्हातारी काय म्हणाली ते. मग म्हणालो, “साहेब, राजा मोठा होता हे तुम्ही तीन स्वगतांत सांगणार. आवाज चांगला आहे, लोक टाळ्या देतील. पण विश्वास नाही ठेवणार. राजाचं मोठेपण अन्‌ राजाचं चुकणं, दोन्ही त्या पाणी देणाऱ्याच्या अंगावर दिसतं. तो नीट उभा राहिला तर तुम्ही राजा. स्वामी उभे राहिले तर तुम्ही हेडक्लार्कचे साहेब. अन्‌ शेवटचा प्रवेश गाळला तर राजा नुसता मरतो, त्याला काही कळत नाही. न कळता मेला तर ती शोकांतिका कसली? नुसतं मरण.”

साहेबांच्या भुवया वर गेल्या. नाकपुड्या फुगल्या. मिशीखालचा ओठ थरथरायला लागला.

“हलवू नका,” मी म्हणालो. “अजून दोन मिनिटं आहेत.” आणि जे कधी कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हणालो. “ही गोष्ट मी कंधारला सांगायला हवी होती. सांगितली नाही, कारण मला पुढचं काम हवं होतं. तुमच्या कचेरीचं पुढचं काम मिळालं नाही तरी चालेल.”

मिशी वाळली. मी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणालो, “आता बोला.”

साहेबांनी आरसा मागितला. बराच वेळ त्यात पाहिलं. मग म्हणाले, “फार बोलता हो तुम्ही.” दारापर्यंत जाऊन वळले. “स्वामींना सांगा, प्रॉम्प्टिंगला बसा म्हणावं. त्या लिंबाजीला बोलवा.”

“आणि शेवटचा प्रवेश?”

“ठेवा. ओंजळीत पाणी घालीन. नाटकात लिहिलंय तसं.”

स्वामींनी ही बातमी ऐकून माझे दोन्ही हात धरले. अंगठ्या रुतल्या. त्या तालमीत शेवटच्या प्रवेशाच्या फक्त जागा ठरवून घेतल्या, वेळ संपली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाआधी लिंबाजी माझ्यापुढे बसला. या वेळी मी काळी डबी उघडली नाही. त्याच्या स्वतःच्या रंगावर हलकासा हात फिरवला, डोळ्यांखाली थोडं वय दिलं.

“काळं न्हाई?” तो म्हणाला.

“नाही.”

त्याने आरशात गाल पाहिला. मग, “अप्पा, एक सांगू का? म्या ओंजळ न्हाई करणार.”

“अरे, नाटकात तसंच लिहिलंय.”

“लिव्हणाऱ्यानं मला इचारलं न्हवतं. वरून पाणी, खाली आमची ओंजळ. माझ्या बापानं तसंच पिलं, आज्यानं तसंच पिलं, गावच्या विहिरीच्या कडंला बसून. राजाला आता समदं कळलं म्हणतेत ना? मग कळल्यावर बी वरूनच घालणार का? तर काय कळलं मग त्याला?”

वर्षानुवर्षं त्या प्रवेशाला माना डोलावणाऱ्या सगळ्या जाणकारांत मीही होतो. आमच्यापैकी कोणालाही हे दिसलं नव्हतं.

“साहेबांना सांगू?” मी विचारलं.

“नगं. सांगून दिलं तर काय मजा?” तो उठला. “अन्‌ फुलपात्र रिकामं देऊ नगा आज.”

मी तांब्या भरला. फुलपात्रही पहिल्या अंकापुरतं अर्धं भरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने रंगमंचावर पाणी पाठवलं.

संध्याकाळ, नव्या सभागृहाला रंगाचा वास. पहिल्या रांगेत पाहुणे, हार, गुलाबपाण्याचा शिडकावा. मागे शिपाई मंडळी आणि त्यांची कुटुंबं. पहिला अंक झाला. लिंबाजी तसाच चालत आला, साहेबांनी ओठाला न टेकवता प्यायचा अभिनय केला आणि तसंच पाणी भिरकावलं. या वेळी खरं पाणी फळ्यांवर सांडलं, आणि लिंबाजी खाली बसून ते उपरण्याने टिपत राहिला, राजाचं स्वगत संपेपर्यंत. दोन पानांच्या त्या स्वगताकडे कोणी पाहत नव्हतं. साहेबांच्या ते लक्षात आलं. मधेच त्यांचा आवाज खाली आला, आणि पहिल्यांदा तो राजाचा वाटला.

शेवटचा प्रवेश. मी विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी. राजा एकटा. लिंबाजी येतो, उभा राहतो. साहेबांनी तांब्या उचलला, पुढे आले, ओंजळीत घालायला तांब्या तिरका केला.

लिंबाजीचे दोन्ही हात अंगाशी सरळ.

तांब्यातून एक थेंब फळीवर पडला. साहेब थांबले. समोरच्या विंगेतून स्वामींचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आला, “ओंजळ! ओंजळ!” लिंबाजी हलला नाही. त्याने फक्त नजर वळवली, तबकातल्या फुलपात्राकडे. मग पुन्हा राजाकडे.

साहेब काय करणार, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. चिडून ते पुढचं वाक्य म्हणू शकले असते, तांब्या ठेवून देऊ शकले असते. सगळी कचेरी बघत होती. कंधारला त्या रिकाम्या फुलपात्रापुढे ओंजळ आपोआप पुढे गेली होती. आज तीच ओंजळ त्या माणसाने अंगाशी धरून ठेवली होती, आणि राजा कोण आहे ते आता त्याच्यावर ठरणार होतं.

साहेब वळले. फुलपात्र उचललं, त्यात पाणी ओतलं आणि ते लिंबाजीच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी.

लिंबाजी अर्धं प्यायला. सावकाश. मग उरलेलं अर्धं राजापुढे धरलं.

हे कुठल्याही प्रतीत नव्हतं. साहेबांनी त्या फुलपात्राकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच, सबंध नाटकात पहिल्यांदाच, सरळ लिंबाजीच्या तोंडाकडे. आणि त्यांनी ते घेतलं, ओठाला लावलं आणि तळापर्यंत प्यायले.

पाणी मिशीत गेलं. डावीकडची बाजू सुटली आणि गालावर लोंबायला लागली.

चाळीस वर्षांत एकदा! विंगेतून मी ती बघत होतो. पुढच्या रांगेत कोणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. अर्धी मिशी लोंबत असलेला तो राजा मी रंगवलेल्या सगळ्या राजांपेक्षा खरा दिसत होता.

“तुला ठाऊक होतं,” साहेब म्हणाले. “तर बोलला का नाहीस?”

आणि लिंबाजीने अकरावं वाक्य म्हटलं. कंधारपासून जपून ठेवलेलं.

“महाराज, आपण पाणी मागितलंत, पाणी आणलं. खरं कधी मागितलं नाहीत.”

पडदा पाडायचं माझ्याकडे होतं. मी तो जरा उशिरा पाडला.

त्यानंतर भाषणं झाली. पाहुण्यांनी जिल्ह्याच्या उज्ज्वल भवितव्यावर अर्धा तास घेतला. साहेबांनी माझ्याकडून मिशी काढून घेतली, तेलाने तोंड पुसलं. त्या कचेरीचं पुढचं काम मला मिळालं नाही. मी म्हटलंच होतं.

नाटकाने माणसं बदलतात यावर माझा फारसा विश्वास नाही. चाळीस वर्षं मी राजांना रंग पुसून घरी जाताना पाहिलंय, जाताना ते जसे आले होते तसेच असतात. म्हणून दोन दिवसांनी ट्रंका न्यायला कचेरीत गेलो तेव्हा लिंबाजीला मी फार अपेक्षेने विचारलं नाही.

“काय म्हणाले साहेब?”

“काय न्हाई. बेल वाजवली, पाणी मागितलं. म्या ठेवलं.”

“मग?”

“पिले. समदं.” तो ट्रंकेची एक कडी उचलत म्हणाला. “फुलपात्र खाली ठेवलं, अन्‌ इचारलं, लिंबाजी, तुझं आडनाव काय?”

“इतके दिवस माहीत नव्हतं त्यांना?”

“ते जाऊ द्या,” लिंबाजी म्हणाला. “तुम्ही सांगा, तुम्हाला ठावं हाये का?”

मी दुसरी कडी उचलली. फाटकापर्यंत आम्ही ट्रंक नेली. मग मी थांबलो, ट्रंक खाली ठेवली आणि त्याला विचारलं.